दीर्घ मुदतीचे कर्ज : महामंडळांचा ऋणव्यवहार आणि कोकणचा अनुभव

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे दिवेआगर, शिस्ते, दिघी आदी गावांचे बाजाराचे ठिकाण. नारळी-पोफळीच्या वाड्या, भातशेती, मासेमारी आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर यांवर या परिसराचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. गेल्या तीन-साडेतीन दशकांत या परिसराच्या दोन बाजूंस दोन मोठी कामे उभी राहिली. म्हसळामार्गे माणगावास गेले की कोकण रेल्वेचा मार्ग लागतो आणि उत्तरेस राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी दिघीचे बंदर आहे. या दोन्ही कामांत एक गोष्ट समान होती. ती उभारणाऱ्यांच्या स्वतःच्या गाठीस पुरेसा पैसा नव्हता. दोन्ही कामे मुख्यतः दीर्घ मुदतीच्या कर्जावर उभी राहिली.

रेल्वेचे कर्ज अनेक वळणे घेत अखेर मार्गी लागले, तर बंदर उभारणाऱ्या कंपनीचे कर्ज थकून कंपनीच दुसऱ्याच्या हाती गेली. असा फरक का पडला? मोठी महामंडळे शेकडो, हजारो कोटींचे कर्ज काढतात म्हणजे नेमके काय करतात? ते कोण देतो, ते कसे फेडले जाते आणि न फिटल्यास त्याचा भार कोणावर पडतो? हे प्रश्न अर्थतज्ज्ञांपुरते मर्यादित नाहीत. गावासाठी पाणीपुरवठा योजना वा बाजारसंकुल उभारू पाहणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यापुढेही लहान प्रमाणात हेच प्रश्न उभे राहतात.

पोफळीची बाग आणि कर्जाची मुदत

दीर्घ मुदतीच्या कर्जाचे पहिले सूत्र श्रीवर्धनच्या बागायतदारास नव्याने शिकविण्याची गरज नाही. पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरावयास साधारणतः पाच ते आठ वर्षे लागतात. मात्र बाग एकदा धरली की कित्येक दशके उत्पन्न देते. अशी बाग लावण्यासाठी जर कोणी वर्षभरात फेडावयाचे पीककर्ज काढले, तर झाडाला पहिली सुपारी लागण्यापूर्वीच त्याला जमीन गहाण टाकावी लागेल. उलट, भाताच्या बियाण्यासाठी व खतासाठी वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढणेही तितकेच अविचाराचे होय. भात एका हंगामात खाऊन संपेल आणि कर्ज मात्र मुलांच्या माथी राहील.

ज्या मालमत्तेसाठी कर्ज काढावयाचे, तिच्या आयुष्याशी आणि तिच्यापासून येणाऱ्या उत्पन्नाच्या काळाशी कर्जाची मुदत जुळली पाहिजे, हा त्यातील बोध. रेल्वेमार्ग, धरण, वीजकेंद्र, बंदर ही पोफळीच्या जातीची मालमत्ता आहे. ती उभारावयास वर्षे लागतात, उत्पन्न उशिरा सुरू होते, पण दीर्घकाळ चालते. त्यामुळे अशा कामांसाठी पंधरा, वीस वर्षे वा त्याहून अधिक मुदतीचे कर्ज आणि आरंभीची काही वर्षे मुद्दलाच्या परतफेडीस सवलत, अशी व्यवस्था लागते.

येथेच एक अडचण उद्भवते. व्यापारी बँकांकडील ठेवी बहुधा एक ते पाच वर्षांच्या असतात. ठेवीदार पैसे मागावयास केव्हाही येऊ शकतो. त्या ठेवींतून वीस वर्षांचे कर्ज देणे बँकेच्या दृष्टीने जोखमीचे असते. म्हणून दीर्घ मुदतीचा पैसा मुख्यतः अशा संस्थांकडून येतो, ज्यांची स्वतःची देणीही दीर्घ मुदतीची आहेत. आयुर्विमा महामंडळ आणि भविष्यनिर्वाह निधी ही त्याची ठळक उदाहरणे. याखेरीज काही खास वित्तसंस्था शासनाने याच हेतूने स्थापन केल्या. गृहनिर्माण व नागरी विकासासाठी हुडको १९७० साली, रेल्वेसाठी बाजारातून पैसा उभारणारे भारतीय रेल्वे वित्त महामंडळ १९८६ साली आणि पायाभूत सुविधांसाठीची राष्ट्रीय बँक २०२१ साली अस्तित्वात आली.

भागभांडवल आणि कर्ज

कोणत्याही महामंडळाचे भांडवल मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिले भागभांडवल. ते मालकाचे असते. नफा झाल्यास लाभांश मिळतो, न झाल्यास मिळत नाही आणि मुद्दल परत मागण्याचा प्रश्न सहसा येत नाही. दुसरे कर्ज. नफा होवो वा तोटा होवो, व्याज ठरल्या दिवशी द्यावेच लागते व मुदत संपताच मुद्दलही फेडावे लागते. भागभांडवल म्हणजे घरच्या माणसाने बागेत घातलेला पैसा आणि कर्ज म्हणजे सावकाराकडून आणलेला पैसा, असे ढोबळमानाने म्हणता येईल. या दोहोंचे प्रमाण किती असावे, यावर संस्थेचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते. घरचा पैसा जितका कमी, तितका वाईट दिवसांत तग धरण्याचा अवकाश कमी.

कोकण रेल्वेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १९८९-९० च्या सुमारास केंद्रात मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना या मार्गाच्या योजनेस गती मिळाली. तथापि, रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून एवढी रक्कम मिळणे शक्य नव्हते. यास्तव १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ ही स्वतंत्र कंपनी नोंदविण्यात आली. ई. श्रीधरन हे तिचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक होत. त्याच वर्षी रोहे येथे कामाची पायाभरणी झाली.

महामंडळाचे मूळ भागभांडवल ८०० कोटी रुपये ठरले. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के म्हणजे ४०८ कोटी, महाराष्ट्राचा २२ टक्के म्हणजे १७६ कोटी, कर्नाटकाचा १५ टक्के म्हणजे १२० कोटी, तर गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के म्हणजे ४८-४८ कोटी होता. उरलेली रक्कम प्रामुख्याने कर्जरोख्यांद्वारे बाजारातून उभारावयाची होती. बांधा, वापरा व हस्तांतरित करा या तत्त्वावर मार्ग चालवावा आणि उत्पन्नातून कर्ज फिटले की तो भारतीय रेल्वेकडे सोपवावा, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात मार्ग पूर्ण होईतो खर्च सुमारे साडेतीन हजार कोटी रुपयांवर गेला. म्हणजे घरच्या एका रुपयामागे बाहेरचे तीन रुपयांहून अधिक, असे प्रमाण झाले.

कर्जरोखा म्हणजे काय?

बँकेकडून कर्ज घेताना ऋणको आणि धनको समोरासमोर बसतात. कर्जरोख्याचे तसे नाही. महामंडळ एक मोठी रक्कम लहान लहान रोख्यांत विभागते आणि ते रोखे संस्थांना वा जनतेला विकते. प्रत्येक रोख्यावर दर्शनी किंमत, व्याजाचा दर, व्याज देण्याच्या तारखा आणि मुद्दल परत करण्याचा दिवस निश्चित केलेला असतो. रोखाधारकास मध्येच पैशाची गरज भासली तर तो महामंडळाकडे जात नाही, बाजारात दुसऱ्यास रोखा विकतो. यामुळे महामंडळाला दीर्घकाळ पैसा वापरावयास मिळतो आणि धनकोचाही पैसा अडकून पडत नाही.

काही सार्वजनिक संस्थांच्या रोख्यांवरील व्याज शासन करमुक्त करते. करमुक्त व्याज मिळणार असल्याने गुंतवणूकदार कमी दर पत्करतो आणि महामंडळास पैसा स्वस्त पडतो. मात्र शासनाचा बुडालेला कर हीसुद्धा एक प्रकारची मदतच असते. ती महामंडळाच्या ताळेबंदात दिसत नाही, एवढेच.

रोखे विकत घेणाऱ्या हजारो लोकांना प्रत्येक महामंडळाचे हिशेब तपासणे शक्य नसते. यासाठी पतमापन संस्था असतात. क्रिसिल ही भारतातील अशी पहिली संस्था १९८७ साली स्थापन झाली. परतफेडीची क्षमता पाहून ती रोख्यास श्रेणी देते. श्रेणी उत्तम तर व्याज कमी आणि श्रेणी घसरली तर नवे कर्ज महाग, असा हा सरळ हिशेब आहे. म्हणून मोठी महामंडळे आपली पत जपण्यास फार महत्त्व देतात. एक हप्ता चुकला तर त्या हप्त्यापेक्षा पुढच्या प्रत्येक कर्जावरील वाढीव व्याजाचे नुकसान मोठे असते.

बांधकामाच्या काळातील व्याज

दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत घातक बाब म्हणजे बांधकाम चालू असतानाचे व्याज. मार्गावरून एकही गाडी धावत नसते, बंदरात एकही जहाज लागलेले नसते, तरी घेतलेल्या पैशावरील व्याज चढत असते. ते भरावयास उत्पन्न नसल्याने व्याजही कर्जातच मिळविले जाते आणि त्यावर पुन्हा व्याज चढते.

उदाहरणादाखल, १०० कोटी रुपये दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजाने घेतले आणि पाच वर्षे काहीच फेडता आले नाही, तर देणे सुमारे १७६ कोटी होते. काम आणखी एक वर्ष रेंगाळले तर तेच देणे सुमारे १९७ कोटींवर जाते. त्या एका वर्षात एक वीटही अधिक रचली गेली नाही, तरी २१ कोटींचा बोजा वाढला. भूसंपादनाचा खोळंबा, परवानग्यांचा विलंब, कंत्राटदाराशी वाद या गोष्टी कचेरीच्या भाषेत ‘प्रशासकीय विलंब’ म्हणून नोंदविल्या जातात. ऋणव्यवहाराच्या भाषेत त्यांना ठरावीक रुपये-पैशांची किंमत असते.

कोकण रेल्वेस याचा अनुभव आला. रोहे ते वीर हा उत्तरेकडील पहिला टप्पा १९९३ साली सुरू झाला. पण गोव्यात मार्गाच्या आखणीवरून वाद उद्भवला आणि पेडण्याच्या बोगद्यात मऊ, पाणथळ मातीने वारंवार अडथळे आणले. सुमारे ७४० किलोमीटरचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. अशा अवघड प्रदेशातील काम एवढ्या अवधीत होणे ही अभियांत्रिकीच्या दृष्टीने असामान्य कामगिरी होती. तरीही अखेरच्या टप्प्याच्या विलंबाचे व्याज टळले नाही. कारण मधला एक दुवा जुळेपर्यंत मुंबई-मंगळूर अशी सलग वाहतूक होऊ शकत नव्हती आणि खरे उत्पन्न सलग वाहतुकीवरच अवलंबून होते.

परतफेडीच्या दोन रीती

कर्ज फेडण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली हप्तेबंदीची. समान वार्षिक हप्त्यात व्याज व मुद्दल दोन्ही फिटत जातात. १०० कोटी रुपयांचे कर्ज दरसाल १० टक्के दराने दहा वर्षांत फेडावयाचे तर वार्षिक हप्ता सुमारे १६ कोटी २७ लाख रुपये येतो आणि एकूण सुमारे १६३ कोटी भरावे लागतात. तेच कर्ज वीस वर्षांत फेडावयाचे ठरविले तर हप्ता सुमारे ११ कोटी ७५ लाखांवर उतरतो, पण एकूण भरणा सुमारे २३५ कोटींवर जातो. मुदत वाढविल्याने वर्षाचा भार हलका होतो आणि एकूण भार वाढतो. कोणती मुदत योग्य, हे उत्पन्न किती व केव्हा येणार यावरूनच ठरवावे लागते.

दुसरी रीत कर्जरोख्यांची. यात दरसाल केवळ व्याज दिले जाते आणि मुदतीच्या शेवटी सर्व मुद्दल एकदम परत करावे लागते. वर्षानुवर्षे भार कमी वाटतो. पण शेवटच्या दिवशी डोंगराएवढी रक्कम उभी राहते. यावर उपाय म्हणून दूरदर्शी संस्था कर्ज निवारण निधी उभारतात. दहा वर्षांनी १०० कोटी द्यावयाचे असतील आणि निधीवर ७ टक्के व्याज मिळत असेल, तर दरसाल सुमारे ७ कोटी २४ लाख रुपये बाजूस टाकले की रक्कम तयार होते. लेकीच्या लग्नासाठी दरवर्षी थोडे सोने घेऊन ठेवणाऱ्या कुटुंबाचीच ही रीत.

निधी न उभारल्यास तिसरा मार्ग उरतो. नवे रोखे काढून जुने फेडावयाचे. तो मुळातच वाईट असे नाही. जुने कर्ज १४ टक्क्यांचे असेल आणि आता ९ टक्क्यांनी पैसा मिळत असेल, तर असा पालट हितावहच ठरतो. पण उत्पन्न पुरत नाही म्हणून व्याज भरण्यासाठी नवे कर्ज काढणे, ही धोक्याची घंटा होय. या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी धनको एक साधे गुणोत्तर पाहतात. वर्षाचा चालू खर्च वजा जाता हाती उरलेले उत्पन्न हे त्या वर्षाच्या व्याज-मुद्दलाच्या किती पट आहे? देणे १०० कोटी आणि हाती १३० कोटी असतील तर गुणोत्तर १.३ होते व थोडी सवड राहते. ते एकाखाली उतरले की घर कर्जावर चालले आहे असे समजावे.

कोकण रेल्वेचा ऋणप्रवास

मार्ग खुला झाल्यावर उत्पन्न वाढविण्याचे अनेक प्रयत्न झाले. भांडवली खर्च भरून निघावा म्हणून या मार्गावर प्रवासी भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के अधिक अंतर धरण्यात आले. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा अशी मालट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेणारी सेवा सुरू झाली. तरीही मालवाहतूक अपेक्षेइतकी वाढली नाही. कोकणात मोठे खाणउद्योग वा कारखाने कमी आणि एकेरी मार्गावर गाड्यांची संख्या मर्यादित, ही त्याची उघड कारणे होत.

दुसरीकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात मार्ग सुरक्षित ठेवण्याचा खर्च मोठा होता. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ दरडीमुळे भीषण अपघात घडले. त्यानंतर उतार कापणे, जाळ्या बसविणे, पावसाळ्यात वेग कमी ठेवणे व गस्त वाढविणे यांवर भर देण्यात आला. कर्जाचा हप्ता भरण्यासाठी देखभालीचा खर्च कमी करावयाचा नाही, ही ऋणव्यवस्थापनाची लक्ष्मणरेषा आहे. देखभाल थांबवून भरलेला हप्ता हा प्रत्यक्षात मालमत्ता विकून भरलेलाच हप्ता असतो आणि रेल्वेच्या बाबतीत त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी चुकवावी लागते.

रोख्यांच्या मुदती जसजशा संपत गेल्या, तसतसे रेल्वे मंत्रालयास महामंडळाच्या मदतीस यावे लागले. मंत्रालयाने दिलेल्या कर्जातून बाजाराचे देणे फिटले, पण मंत्रालयाचे देणे साचले. अखेर २००८-०९ च्या आर्थिक पुनर्रचनेत मंत्रालयाचे मुद्दल व व्याज मिळून सुमारे ४,०७९ कोटी रुपयांचे देणे अग्रहक्क भागांत रूपांतरित करण्यात आले. ठरल्या तारखेस व्याज मागणारा धनको यामुळे नफा झाल्यास लाभांश घेणारा भागधारक बनला. व्याजाचा ताण गेल्याने महामंडळास श्वास घेता आला. मात्र देणे नाहीसे झाले नव्हते. ते सार्वजनिक तिजोरीने आपल्या अंगावर घेतले होते.

पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये रोहे-वीर टप्प्याचे दुपदरीकरण झाले, तर २०२२ साली संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. पण उर्वरित मार्ग दुपदरी करण्यासारखी मोठी कामे स्वतःच्या उत्पन्नातून वा नव्या कर्जातून करणे महामंडळास झेपणारे नाही, हे स्पष्ट होत गेले. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी यातूनच पुढे आली. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यास संमती दिली. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे आणि राज्याने गुंतविलेले सुमारे ३९६ कोटी रुपये परत मिळावेत, अशा अटी राज्याने घातल्या.

उद्याचे उत्पन्न आज

कर्ज हाताळण्याची आणखी एक रीत महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या व्यवहारात दिसते. हे महामंडळ १९९६ साली स्थापन झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी त्याने मोठे कर्ज उभारले. पुढे २००४ साली या मार्गावरील पथकर वसुलीचा पंधरा वर्षांचा हक्क ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन खासगी कंपनीस देण्यात आला. ती मुदत २०१९ साली संपल्यावर २०२० साली पुन्हा सुमारे दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटी रुपयांचा करार झाला.

यात उद्याचे उत्पन्न आज एकरकमी हाती येते. जुने कर्ज फेडता येते वा नव्या कामास भांडवल मिळते. वाहतूक घटण्याची जोखीम कंपनीकडे जाते, तशीच वाहतूक वाढल्यास होणारा लाभही तिच्याचकडे जातो. आंब्याची बाग मोहरापूर्वीच व्यापाऱ्यास देऊन टाकणारा कोकणी बागायतदार हा व्यवहार जाणतो. दर ठरविताना पुढच्या हंगामांचा अंदाज चुकला तर पश्चात्ताप कोणा एकास होतोच. म्हणून अशा करारांत वाहतुकीचा अंदाज व कराराची मुदत यांची चिकित्सा काटेकोर व्हावयास हवी.

दिघीचा धडा

बोर्ली पंचतनला अधिक जवळचे उदाहरण दिघी बंदराचे. २००२ साली महाराष्ट्र सागरी मंडळाने दिघी पोर्ट लिमिटेड या कंपनीस पन्नास वर्षांच्या सवलत कराराने हे बंदर विकसित करावयास दिले. राजपुरीच्या खाडीतील नैसर्गिक आडोसा व मुंबईची जवळीक या जमेच्या बाजू होत्या. अनेक बँकांनी एकत्र येऊन कर्ज दिले आणि धक्के बांधले गेले.

परंतु बंदराचे उत्पन्न धक्क्यावर नव्हे, तर धक्क्यापर्यंत येणाऱ्या मालावर अवलंबून असते. रोह्याकडून बंदरापर्यंत रेल्वे जोडण्याची योजना त्या काळात कागदावरच राहिली. माणगावकडील रस्ता घाटवळणांचा व अवजड वाहतुकीस अपुरा होता. माल अपेक्षेप्रमाणे आला नाही, हप्ते थकले आणि २०१८ साली कंपनीचे प्रकरण नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणापुढे गेले.

या संहितेनुसार हप्ता थकविलेल्या कंपनीचा कारभार संचालकांकडून काढून व्यावसायिक प्रशासकाकडे दिला जातो, धनकोंची समिती बनते आणि कंपनी चालविण्यास इच्छुक असणाऱ्यांचे प्रस्ताव मागविले जातात. मान्य प्रस्तावात जी रक्कम ठरेल ती क्रमाने धनकोंत वाटली जाते आणि उरलेले देणे संपते. अदानी पोर्ट्स या कंपनीने ७०५ कोटी रुपयांच्या प्रस्तावाद्वारे फेब्रुवारी २०२१ मध्ये दिघी पोर्ट पूर्णतः ताब्यात घेतली आणि तेथे दहा हजार कोटींहून अधिक गुंतवणूक करण्याचा मानस जाहीर केला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक क्षेत्रांत रायगडमधील दिघीचाही समावेश झाला.

रेल्वे आणि बंदर यांत फरक पडला तो येथे. रेल्वेच्या मागे केंद्र शासन उभे होते. देणे भागभांडवलात बदलण्याची मुभा व ताकद त्याच्याकडे होती. खासगी कंपनीच्या मागे असे कोणी नव्हते. पहिल्या प्रसंगी भार करदात्यांवर पसरला, तर दुसऱ्या प्रसंगी तो धनकोंवर पडला. त्या धनकोंत बँका असल्याने काही अंशी तो सामान्य ठेवीदारांच्या पैशावरच पडला. न फिटलेले कर्ज कोणी ना कोणी फेडतोच. प्रश्न एवढाच असतो की, तो कोण.

शासनाची हमी व परकीय चलनाची जोखीम

अनेक महामंडळे शासनाच्या हमीवर कर्ज उभारतात. संविधानाच्या अनुच्छेद २९३ अन्वये राज्यांस कर्ज काढण्याचा आणि विधिमंडळाने ठरविलेल्या मर्यादेत हमी देण्याचा अधिकार आहे. केंद्राचे कर्ज बाकी असलेल्या राज्यास नव्या कर्जासाठी केंद्राची संमतीही घ्यावी लागते. हमी देताना तिजोरीतून एक पैसाही जात नाही, म्हणून ती सोपी वाटते. पण महामंडळाचा हप्ता चुकला की तीच हमी खर्च बनून अर्थसंकल्पात उतरते आणि तेवढी रक्कम शाळा, दवाखाने व रस्ते यांतून कमी होते. जामीन राहणाऱ्याने ऋणकोचे घर पाहूनच सही करावी, हे तत्त्व व्यक्तीस लागू आहे तितकेच राज्यासही आहे.

विदेशातून कमी व्याजाने मिळणारे कर्जही असेच फसवे ठरू शकते. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, तेव्हा सुमारे २१ रुपयांचा डॉलर काही दिवसांत सुमारे २६ रुपयांवर गेला. एक कोटी डॉलरचे देणे असलेल्या संस्थेचा बोजा कर्ज न वाढताही सुमारे पाच कोटी रुपयांनी वाढला. ज्या संस्थेचे उत्पन्न रुपयांत आहे, तिने डॉलरमधील कर्ज घेताना विनिमयदराची जोखीम आधीच बांधून घ्यावी किंवा असे कर्ज घेऊ नये, हेच इष्ट.

ग्रामपंचायतीपुढील प्रश्न

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखाली जिल्हा ग्रामविकास निधी उभारण्यात आला आहे. ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नाच्या ०.२५ टक्के अंशदान त्यात भरतात आणि विकासकामांसाठी त्यातून कर्ज घेऊ शकतात. रक्कम लहान असली तरी सूत्रे तीच आहेत. बाजारगाळे बांधावयाचे असतील तर प्रश्न असे पडतात : गाळे किती वर्षे टिकतील व कर्ज किती वर्षांत फिटेल? बांधकाम लांबल्यास त्या काळातील व्याज कोठून देणार? सर्व गाळे पहिल्याच वर्षी भाड्याने जातील, असे धरून हिशेब मांडला आहे काय? दुरुस्तीसाठी दरवर्षी किती बाजूस ठेवणार? आणि भाडे न आल्यास हप्ता कशातून भरणार, पाणीपट्टीतून की दिवाबत्तीतून?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, हे या परिसरास ३ जून २०२० रोजी उमगले. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागातून गेले आणि पिढ्यांनी जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नवे रोप लावून पुन्हा फळ येईपर्यंतच्या वर्षांत घरखर्च चालू राहिला आणि ज्यांच्यावर बागेचे कर्ज होते त्यांचे देणेही चालूच राहिले. ज्यांच्या गाठी थोडी शिल्लक होती, ज्यांचे उत्पन्न एकाच झाडावर अवलंबून नव्हते, ते तुलनेने लवकर सावरले. बागायतदाराने वादळासाठी जी तरतूद करावी, तीच महामंडळाने मंदीसाठी, विलंबासाठी आणि दरडीसाठी करावयाची असते.

कर्ज काढणे म्हणजे पुढील पिढीच्या उत्पन्नातून आज उचल घेणे होय. त्या उचलीतून रेल्वे, बंदर वा पाणीयोजना अशी पुढच्या पिढीच्या उपयोगाची मालमत्ता उभी राहिली, तर तो न्याय्य व्यवहार ठरतो. मालमत्ता अर्धवट राहिली किंवा उत्पन्नाचा अंदाज हवेत विरला, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ देणे उरते. कोकण रेल्वेने पुष्कळ महाग पडूनही कोकणास मार्ग दिला. माणगाव स्थानकावर उतरणारा चाकरमानी त्याचा साक्षी आहे. मंजुरीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मंत्रालयातील अधिकारी असो वा ग्रामसभेतील सदस्य, कर्जाच्या आकड्याबरोबर परतफेडीचे वेळापत्रकही वाचले, तर पुढच्या पिढीच्या हाती देण्यासोबत मालमत्ताही पडेल.